कोणीच न टाकायचा पासवर्ड

गेल्या आठवड्यात आमच्या शिक्षणसंस्थेच्या लेखा विभागात नव्याने आलेल्या संगणकावर मी बॅकअपचा क्लायंट, म्हणजे बॅकअपसाठी फाइली पुरवणारा छोटा प्रोग्राम, बसवत होतो, तेव्हा त्या संगणकावर काम करणाऱ्या मॅडमनी शेजारी वही उघडून ठेवली, पेनाचे टोपण काढले आणि विचारले, “सर, याचा पासवर्ड सांगा, लिहून ठेवते. रोज सकाळी आल्यावर टाकायचा, की संध्याकाळी जाताना?” कधीच टाकायचा नाही, असे मी सांगितल्यावर त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “मग त्याला पासवर्ड कशाला म्हणायचं?” प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे उत्तर मी त्यांना घाईघाईत दोन वाक्यांत दिले, पण ते मलाच पटले नाही. म्हणून ते इथे सविस्तर लिहितो आहे.

आमच्याकडे बॅकअपसाठी बॅक्युला वापरतात. केर्न सिबाल्ड यांनी २००० साली सुरू केलेले आणि २००२ मध्ये सर्वांसाठी खुले केलेले हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ‘बॅकअप’ आणि ‘ड्रॅक्युला’ यांची सांगड घालून त्याचे नाव ठेवले आहे, आणि रात्री येऊन संगणकांतला जीवनरस शोषून नेणारा, अशी त्याची ओळख त्याच्या कर्त्यांनीच गमतीने करून दिली आहे. आमच्याकडेही तो रात्री साडेअकराला येतो, म्हणजे ओळख चुकीची नाही. या व्यवस्थेत एक डायरेक्टर असतो, जो कोणत्या संगणकाचा कोणता भाग कधी घ्यायचा ते ठरवतो. एक साठवणूक सांभाळणारा डेमन, म्हणजे पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्राम, असतो, जो आलेला डेटा डिस्कवर किंवा टेपवर लिहितो. आणि ज्या ज्या संगणकाचा बॅकअप घ्यायचा, त्या प्रत्येकावर एक फाइल डेमन असतो, ज्याला सगळे सरसकट क्लायंट म्हणतात. डायरेक्टर ९१०१ या पोर्टवर ऐकतो, क्लायंट ९१०२ वर आणि साठवणुकीचा डेमन ९१०३ वर. रात्री साडेअकराला डायरेक्टर एकेका क्लायंटचे ९१०२ क्रमांकाचे दार ठोठावतो आणि फाइली मागतो. त्या वेळी कार्यालयात चिटपाखरूही नसते. दार ठोठावणारा खरोखर आपलाच डायरेक्टर आहे की आणखी कोणी, हे क्लायंटने ओळखायचे कसे? त्यासाठी हा पासवर्ड आहे.

मराठीत यासाठी ‘खूण’ हा शब्द अधिक नेमका ठरला असता. पासवर्ड म्हटले की माणसाने पाठ केलेला आणि माणसाने टाकलेला शब्द डोळ्यांसमोर येतो. इथे माणसाचा संबंध फक्त एकदाच, मांडणी करताना येतो. त्यानंतर दोन यंत्रे एकमेकांना खूण पटवतात. तीही उघड बोलून नव्हे. एक बाजू दुसरीकडे काहीतरी यादृच्छिक मजकूर पाठवते. दुसरी बाजू त्या मजकुरात आपल्याजवळचा पासवर्ड मिसळून एक आटवलेला सारांश काढते आणि फक्त तो परत करते. पहिली बाजू तोच हिशेब स्वतः करून पाहते आणि उत्तर जुळले की खूण पटली असे मानते. मग हाच खेळ उलट दिशेने होतो, म्हणजे डायरेक्टर क्लायंटला ओळखतो तसा क्लायंटही डायरेक्टरला ओळखतो. या सगळ्यात मूळ पासवर्ड तारेवरून एकदाही जात नाही. अकराव्या आवृत्तीपासून तर याच सामायिक गुपिताच्या आधारे दोघांमधला सगळा संवाद आपोआप कूटबद्ध होतो; त्यासाठी वेगळी प्रमाणपत्रे बनवत बसावे लागत नाही.

प्रत्यक्षात हा पासवर्ड दोन फाइलींत राहतो. सर्व्हरवर डायरेक्टरच्या मांडणीच्या फाइलीत प्रत्येक क्लायंटसाठी एक कंस असतो. त्यात क्लायंटचे नाव, पत्ता, पोर्ट आणि पासवर्डची ओळ असते. क्लायंटच्या संगणकावरच्या छोट्या फाइलीत याच्या उलट ‘डायरेक्टर’ नावाचा कंस असतो, आणि त्यात डायरेक्टरचे नाव व तोच पासवर्ड असतो. इथे नवशिक्याची हमखास गफलत होते. क्लायंटच्या फाइलीत ‘डायरेक्टर’ या शीर्षकाखाली लिहिलेला पासवर्ड तो डायरेक्टरचा मानतो आणि कन्सोलवरून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, डायरेक्टरशी बोलण्यासाठी जो निराळा पासवर्ड असतो, तो तिथे नेऊन चिकटवतो. ते चूक आहे. त्या कंसाचा अर्थ ‘या नावाचा डायरेक्टर आला, तर त्याने ही खूण दाखवावी’ एवढाच आहे. खुणेइतकेच नावही जुळावे लागते: डायरेक्टर स्वतःला ज्या नावाने ओळखतो, अक्षरशः तेच नाव क्लायंटच्या फाइलीत हवे. पासवर्ड बरोबर आणि नावात एक जोडरेघ कमी, तरी दार उघडत नाही.

मी हे काम हाती घेतले तेव्हा आमच्या १४ संगणकांवर १४ क्लायंट होते आणि पासवर्ड एकच होता. तो काय होता, तर संस्थेच्या नावाची आद्याक्षरे आणि पुढे स्थापनेचे वर्ष. ते वर्ष आमच्या प्रवेशद्वाराच्या कमानीवर हातभर उंचीच्या आकड्यांत रंगवलेले आहे. माझ्या आधीच्या गृहस्थांना मी दोष देणार नाही. ‘हा पासवर्ड कोणी टाकत नाही, मग त्याची एवढी काळजी कशाला’ असाच विचार त्यांनी केला असावा, आणि पहिली दोन वर्षे मीही तोच केला. बॅकअप रोज होत होता, सकाळी सव्वासातच्या ईमेलमध्ये सगळे ‘ओके’ येत होते, आणि चालत्या गाड्याला खीळ घालण्याची कोणाला हौस नसते.

डोळे उघडले ते भंगारामुळे. परीक्षा विभागातला एक जुना संगणक निर्लेखित करून विकायचा ठरला होता आणि तो महिनाभर जिन्याखालच्या खोलीत पडून होता. विकत घेणारा माणूस येण्याच्या आदल्या दिवशी मी त्यातली डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला जोडली, ती केवळ निकालाच्या फाइली राहिल्या नाहीत ना हे पाहण्यासाठी. निकाल पुसलेले होते. पण बॅक्युलाच्या फोल्डरमध्ये क्लायंटची फाइल जशीच्या तशी होती, आणि तिच्यात डायरेक्टरचे नाव आणि पासवर्ड दोन्ही साध्या अक्षरांत, एकाखाली एक, लिहिलेले होते. हा पासवर्ड फाइलीत झाकून ठेवलेला नसतो. यंत्राला तो रोज वाचावा लागतो, म्हणून तो उघडाच असतो. ती डिस्क ज्याच्या हाती लागली असती, त्याला उरलेल्या सगळ्या संगणकांची खूण फुकटात मिळाली असती.

या खुणेने काय काय उघडते, हे तोवर मी कधी नीट तपासले नव्हते. त्या संध्याकाळी कार्यालय रिकामे झाल्यावर मी माझ्या लॅपटॉपवर एक डायरेक्टर बसवला, त्याला आमच्या डायरेक्टरचेच नाव दिले, तोच पासवर्ड लिहिला आणि लेखा विभागाच्या संगणकाचा पत्ता दिला. तिकडच्या क्लायंटने कसलीही कुरकूर न करता माझी खूण पटवून घेतली. ‘एस्टिमेट’ या आज्ञेने मी त्याला कागदपत्रांच्या फोल्डरमधल्या फाइलींची यादी मागितली, तर पगारपत्रकांसकट सगळी यादी माझ्या पडद्यावर ओघळत गेली. क्लायंटला सगळ्या फाइली वाचता याव्यात म्हणून तो त्या संगणकावर सर्वाधिकारी म्हणून चालत असतो, लिनक्सवर रूट म्हणून आणि विंडोजवर सिस्टीमच्या खात्यातून. म्हणून जो डायरेक्टर बनतो, तो त्या संगणकावरची कोणतीही फाइल नेऊ शकतो, रिस्टोअरच्या, म्हणजे जुनी फाइल परत आणण्याच्या, नावाखाली कोणतीही फाइल तिथे लिहू शकतो, आणि एवढे कमी म्हणून की काय, बॅकअपच्या आधी किंवा नंतर चालवायची आज्ञा म्हणून त्या संगणकावर हवा तो प्रोग्रामही चालवू शकतो. ज्याला मी बिनमहत्त्वाची ओळ समजत होतो, ती घराची किल्ली होती, आणि एकाच किल्लीने चौदा घरे उघडत होती.

मग मी सगळे पासवर्ड बदलायला घेतले. माणसाने हा शब्द लक्षात ठेवायचा नसल्यामुळे तो सुबक, अर्थपूर्ण किंवा लहान असण्याचे काहीच कारण नाही. ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या साधनाला ३३ यादृच्छिक बाइट मागायचे आणि ते बेस-६४ मध्ये, म्हणजे ६४ साध्या चिन्हांच्या लिपीत, लिहून घ्यायचे, की बरोबर ४४ अक्षरांची एक ओळ मिळते. ३३ ला तीनने भाग जात असल्यामुळे शेवटी बरोबरीच्या चिन्हाचे शेपूटही लागत नाही. बॅक्युला मूळ कोडपासून तयार करताना त्याचे सुरुवातीचे पासवर्डही असेच बनतात. प्रत्येक क्लायंटला अशी एकेक ओळ दिली, आणि सर्व्हरवर प्रत्येक क्लायंटचा कंस त्याच्या त्याच्या नावाच्या वेगळ्या फाइलीत ठेवून त्या सगळ्या मुख्य फाइलीत ‘ॲट’ चिन्हाने ओढून घेतल्या, म्हणजे एकाचा बदलताना दुसऱ्याला धक्का लागत नाही.

बारा संगणक दोन दुपारींत झाले. तेराव्याने मला रडवले. तो आमच्या दुसऱ्या इमारतीत, वसतिगृहाच्या कार्यालयात आहे आणि तिथले लिपिक हाताला हुशार आहेत, म्हणून मी पासवर्डची ओळ एका वर्डच्या कागदात लिहून पेनड्राइव्हवर त्यांना दिली आणि कोणत्या फाइलीत कुठे चिकटवायची ते समजावून सांगितले. त्यांनी सांगितल्याप्रमाणे सारे केले, सेवा बंद करून पुन्हा चालू केली, ती बिनतक्रार चालू झाली. रात्री मात्र बॅकअप झाला नाही. डायरेक्टरच्या ईमेलमध्ये क्लायंटशी ओळख पटली नाही असा घातक दोष आला, आणि त्यासोबत बॅक्युलाच्या सवयीप्रमाणे एका दमात सगळ्या शक्यता: पासवर्ड किंवा नावे जुळत नसतील, एकाच वेळी चालणाऱ्या कामांची मर्यादा ओलांडली असेल, नाहीतर नेटवर्कचा गोंधळ असेल. इतके संशयित एकदम उभे केले की पोलिसही गोंधळतो. मी तिकडे गेलो आणि पासवर्ड अक्षर न् अक्षर ताडून पाहिला. चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस अक्षरे बरोबर होती. डायरेक्टरचे नाव बरोबर होते. मी सेवा पुन्हा चालू केली, संगणक पुन्हा चालू केला, शेवटी चहाही घेतला.

दोष अक्षरांत नव्हता, अवतरणचिन्हांत होता. मी वर्डमध्ये ओळ लिहिताना पासवर्डच्या दोन्ही बाजूंची सरळ अवतरणचिन्हे वर्डने आपल्या नेहमीच्या उत्साहात वळवून, छापील पुस्तकात असतात तशी गोंडस केली होती. आपल्याला ती अवतरणचिन्हेच दिसतात. बॅक्युलाला मात्र फक्त सरळ चिन्हे अवतरण म्हणून कळतात. वळलेली चिन्हे त्याने पासवर्डचाच भाग मानली आणि चव्वेचाळीसऐवजी शेहेचाळीस अक्षरांचा पासवर्ड गुमान स्वीकारला. व्याकरणाची चूक असती, तर सेवा सुरूच झाली नसती आणि ओळीच्या क्रमांकासह तक्रार आली असती. इथे व्याकरण शुद्ध होते, फक्त शब्द वेगळा होता. नोटपॅडमधल्या बारीक ठशात हा फरक डोळ्याला दिसत नाही. मी ठसा २८ चा केला, तेव्हा कुठे त्या चिन्हांचे वाकलेले शेंडे दिसले. तेव्हापासून मांडणीचा एकही शब्द मी वर्डमधून नेत नाही, आणि पासवर्ड दुसऱ्याच्या हाती देऊन चिकटवून घेत नाही.

चौदावा संगणक उबंटू या लिनक्स प्रणालीवरचा होता आणि त्याचा घोळ निराळा होता. त्याचा उल्लेख अशासाठी की पासवर्डवर नाहक आळ येतो तो अशा वेळी. डेबियन आणि उबंटूच्या पॅकेजमध्ये क्लायंट सुरुवातीला फक्त १२७.०.०.१ या स्वतःच्याच पत्त्यावर ऐकतो, म्हणजे बाहेरच्या डायरेक्टरला तो सापडतच नाही. या संगणकावर नव्याने पॅकेज बसवल्यावर मी पासवर्ड दोनदा बदलला आणि मग शांतपणे संदेश वाचला, तर त्यात ‘ओळख पटली नाही’ असे नसून ‘जोडणी नाकारली’ असे लिहिले होते. दाराशी पोहोचून खूण न पटणे आणि दारापर्यंतच न पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात पासवर्ड व नाव पाहावे; दुसऱ्यात पत्ता, पोर्ट आणि फायरवॉल पाहावे आणि पासवर्डला हात लावू नये. आता आमच्या सगळ्या संगणकांच्या फायरवॉलमध्ये ९१०२ हे पोर्ट फक्त सर्व्हरच्या पत्त्यासाठी उघडे आहे. त्यामुळे उद्या एखादी खूण फुटली, तरी ती वापरायला निदान सर्व्हरपर्यंत पोहोचावे लागेल.

बदलण्याचा क्रम मी असा ठेवतो. रात्रीची कामे संपली आहेत याची खात्री करून घेतो, कारण काम चालू असताना क्लायंटची सेवा बंद केली तर ते काम तिथेच मरते. आधी क्लायंटची फाइल बदलतो आणि तिची तपासणी करून घेतो. सेवा न चालवता नुसती मांडणी वाचून पाहण्याची सोय बॅक्युलात आहे. मग सेवा पुन्हा चालू करतो, सर्व्हरवरची ओळ बदलतो आणि कन्सोलमध्ये ‘रीलोड’ म्हणतो. डायरेक्टर बंद करावा लागत नाही. लगेच ‘स्टेटस क्लायंट’ ही आज्ञा देतो. क्लायंटने आपली आवृत्ती आणि कामांची यादी सांगितली, की खूण पटली. रात्रीपर्यंत वाट पाहत बसण्याची गरज नाही. काहीजण पडद्याच्या कोपऱ्यात बॅकअपची स्थिती दाखवणारा मॉनिटर बसवतात. त्याला मुख्य डायरेक्टरचा पासवर्ड न देता क्लायंटच्या फाइलीत वेगळ्या नावाचा आणि वेगळ्या पासवर्डचा कंस द्यावा व त्यात तो केवळ मॉनिटर असल्याचे नमूद करावे, म्हणजे त्याला स्थिती विचारण्यापलीकडे काही करता येत नाही.

मॅडमचा दुसरा प्रश्न मी अजून सांगितलेला नाही. “हा पासवर्ड हरवला, तर आपला जुना हिशेब परत मिळायचा नाही ना?” असे त्यांनी चिंतेने विचारले. बहुतेकांची हीच समजूत असते, आणि तिच्यापायी लोक हा पासवर्ड देव्हाऱ्यातल्या टाकासारखा वर्षानुवर्षे न हलवता जपतात. वस्तुस्थिती उलट आहे. क्लायंटच्या पासवर्डने डेटाला कुलूप लागत नाही. तो हरवला तर नवा बनवावा, दोन्ही ठिकाणी लिहावा, पाच मिनिटांत काम संपते. दहा वर्षांपूर्वीचा बॅकअपही नव्या पासवर्डने तसाच परत येतो. साठवलेला डेटा खरोखर कूटबद्ध करायचा असेल, तर त्यासाठी क्लायंटवर किल्ल्यांची वेगळी जोडी बनवावी लागते, आणि ती जोडी हरवली व पर्यायी मुख्य किल्लीही ठेवलेली नसली, तर मात्र डिस्कवर उरते ती नुसती माती. कोणी मदतीला येऊ शकत नाही. जपायची ती ही किल्ली. आमच्या संस्थेत हिशेबाच्या आणि निकालाच्या संगणकांना अशी जोडी आहे आणि तिची मुख्य किल्ली एका सीलबंद पाकिटातल्या पेनड्राइव्हवर, कागदावरच्या छापील प्रतीसह, संस्थेच्या तिजोरीत आहे.

एक गोष्ट मात्र माझ्याही उशिरा लक्षात आली. सर्व्हरचा स्वतःचा बॅकअप घेताना डायरेक्टरच्या मांडणीचे फोल्डरही त्यात जाते, आणि ते जाणे योग्यच आहे, कारण सर्व्हर जळाला तर ते लागणारच. पण त्या फोल्डरमध्ये चौदाही पासवर्ड उघड्या अक्षरांत असतात. दर महिन्याला जी डिस्क आम्ही बाहेरच्या कपाटात नेऊन ठेवत होतो, तिच्यात चौदाही घरांच्या किल्ल्या एकत्र बांधलेल्या जात होत्या. म्हणून सर्व्हरवरच्या क्लायंटलाही आता किल्ल्यांची जोडी दिली आहे, आणि जुन्या डिस्कवर जे पासवर्ड आधीच गेले होते, ते सगळे पुन्हा एकदा बदलून घेतो आहे. हा मजकूर लिहीपर्यंत अकरा झाले. ग्रंथालयातले दोन आणि वसतिगृहाचा एक राहिला आहे. वसतिगृहात या वेळी मी स्वतः जाणार आहे.

मॅडमनी तोवर वहीच्या कोऱ्या पानावर तारीख घालून ठेवली होती. मी म्हटले, काहीच लिहू नका. त्यांनी तरीही एक ओळ लिहिली: “बॅकअप – पासवर्ड नाही. रात्री संगणक बंद करू नये.” दुसरे वाक्य मी सांगायला विसरलो होतो.